खाऊन टाक आणि ईट अप

कल्याण जंक्शनच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही अप आणि डाऊन या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी गाडी अप, तिकडून येणारी डाऊन. या शब्दांचा मूळ अर्थ वर आणि खाली असा आहे, हे शाळेत शिकलेले असूनही फलाटावर कोणाचा गोंधळ होत नाही. खरे तर व्हायला हवा होता. कल्याणच्या पुढे मार्गाला दोन फाटे फुटतात, एक कर्जतकडे जातो आणि दुसरा कसाऱ्याकडे. कसाऱ्याची गाडी थळ घाटाच्या पायथ्याकडे चढत जाते, तरी ती डाऊन. आणि समुद्राच्या दिशेने उतरणारी गाडी मात्र अप. याचे कारण उंचीत नाही. ब्रिटिश रेल्वेत लंडनकडे जाणारी दिशा अप मानत. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती ब्रिटिश कंपनीची, आणि त्यांच्या रेल्वेची ही रीत इथेही रुजली. मुख्य ठाण्याकडे जाते ते अप. सरकारी कार्यालयात ‘फाइल पुट अप करा’ म्हणतात तेव्हाही फाइल वरच्या मजल्यावर न्यायची नसते, वरिष्ठांपुढे ठेवायची असते. अधिकार जिकडे, तिकडे अप. ठाणे-डोंबिवलीच्या रोजच्या व्यवहारात लाखो माणसे या छोट्या इंग्रजी शब्दाचा लाक्षणिक अर्थ न अडखळता वापरतात. तरीही हीच माणसे गिव्ह अप, टर्न अप, पुट ऑफ, कॅरी ऑन अशा जोड्या समोर आल्या की बिचकतात. या बिचकण्याचे कारण शिकणाऱ्याच्या बुद्धीत नाही, शिकवण्याच्या पद्धतीत आहे, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

साधे क्रियापद आणि त्यामागे एक छोटा शब्द, अशा या जोड्यांना इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे नाव फारसे जुने नाही. लॉगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे नोंदवले. अडचण मात्र त्याआधीच ओळखली गेली होती. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे, की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते. तेव्हापासून आजपर्यंत या जोड्या शिकवण्याचा एकच राजमार्ग राहिला आहे, तो म्हणजे यादी. गेटच्या दहा जोड्या, पुटच्या बारा, टेकच्या पंधरा. समोर अर्थ, आणि रात्री पाठांतर. इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासच्या वह्या अशा याद्यांनी भरलेल्या असतात. यादीत प्रत्येक जोडी एकटी उभी असते. ईट अप आणि यूज अप यांतला अप एकच काम करतो, हे यादीतून दिसत नाही, कारण एक ईच्या पानावर असतो आणि दुसरा यूच्या. पाठ केलेले आठवड्यात विसरते आणि शिकणारा असा निष्कर्ष काढतो की इंग्रजीला नियमच नाहीत.

स्पॅनिश बोलणाऱ्यांनाही हीच अडचण येते, पण तिचे मूळ वेगळे आहे आणि त्यांच्याशी तुलना केली की आपली स्थिती स्पष्ट होते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजीत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा मोठा थर आला. त्यामुळे एकाच क्रियेसाठी दोन शब्द झाले : घरगुती गो ऑन आणि पुस्तकी कंटिन्यू, घरगुती पुट अप विथ आणि पुस्तकी टॉलरेट. स्पॅनिश ही लॅटिनची लेक, तिच्यात कोंतिनुआर आणि तोलेरार आहेतच. म्हणून स्पॅनिश माणूस ओळखीच्या कंटिन्यूकडे वळतो आणि गो ऑन टाळतो. मराठी माणसाचे लॅटिनशी असे नाते नाही. तरी तोही कंटिन्यू, पोस्टपोन, डिस्ट्रिब्यूट, इन्व्हेस्टिगेट हेच शब्द आधी उचलतो, कारण त्याची इंग्रजीशी ओळख लेखी झाली. धडा, प्रश्नोत्तर, अर्ज, परिपत्रक, निविदा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले; त्याआधीच्या पिढ्यांना ते पाचवीत भेटले. पण लवकर आल्याने फरक पडला तो वर्षांचा, इंग्रजीच्या प्रकाराचा फारसा नाही. परीक्षेला लागणारी इंग्रजी लेखीच राहिली, आणि लेखी इंग्रजीत पुस्तकी शब्द भरपूर, घरगुती जोड्या कमी. स्पॅनिश माणसाला जे वारशाने मिळाले ते आपल्याला अभ्यासक्रमाने दिले. परिणाम सारखाच. ऐरोलीच्या आयटी पार्कमधून परदेशी ग्राहकाशी बोलणारा डोंबिवलीचा तरुण अहवालातले प्रत्येक वाक्य समजतो, आणि त्याच ग्राहकाने फोनवर सहज बोललेले वाक्य त्याच्या हातून निसटते.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. मराठीत ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत काय फरक आहे? जेवणाऱ्या पोराला आई ‘भात खा’ म्हणते तेव्हा ती कृती सांगते. ‘तेवढा भात खाऊन टाक’ म्हणते तेव्हा ताटात काही उरू नये, हे सांगते. टाक या क्रियापदाचा फेकण्याशी इथे काही संबंध नाही. शाळेच्या व्याकरणात खाऊनला धातुसाधित आणि टाकला सहायक क्रियापद म्हणतात, दोन्ही मिळून संयुक्त क्रियापद. त्यातले दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ बाजूला ठेवते आणि पहिल्या कृतीला रंग देते : ती पुरी झाली, हातावेगळी झाली, स्वतःसाठी केली, दुसऱ्यासाठी केली, चालू राहिली. इंग्रजीतला छोटा शब्द नेमके हेच करतो. खाऊन टाक म्हणजे ईट अप, फाडून टाक म्हणजे टेअर अप, देऊन टाक म्हणजे गिव्ह अवे. शोधून काढ म्हणजे फाइंड आऊट, वाचून काढ म्हणजे रीड थ्रू. लिहून घे म्हणजे राइट डाऊन, आवरून ठेव म्हणजे पुट अवे, नाद सोडून दे म्हणजे गिव्ह अप. पावसात रस्ता वाहून गेला तर तो वॉश अवे झाला, रंग विरून गेला तर फेड अवे. बोलत रहा म्हणजे कीप ऑन, करून बघ म्हणजे ट्राय आऊट, आणि कापडाच्या दुकानात घालून बघ म्हणजे ट्राय ऑन. वाचून काढताना आपण काहीही बाहेर काढत नाही, लिहून घेताना हातात काही घेत नाही. म्हणजे छोट्या शब्दाने मूळ अर्थ सोडून दुसरे काम करावे, ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. दिवसभरातल्या त्याच्या बोलण्यातून ही क्रियापदे काढून टाकली, तर ते बोलणे मराठी वाटणारच नाही. अशी संयुक्त क्रियापदे हे दक्षिण आशियातल्या भाषांना जोडणारे एक मोठे लक्षण आहे, असे कॉलिन मासिका यांनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात दाखवले. स्पॅनिशमध्ये असे रोजच्या वापरातले विणकाम नाही. या एका बाबतीत आपण स्पॅनिश माणसापेक्षा इंग्रजीच्या जवळ आहोत, आणि आपल्या वर्गात ही गोष्ट सांगितलीच जात नाही याचे वाईट वाटते.

दुसरीही एक शिदोरी आहे. उमेदवार अर्ज मागे घेतो, विद्यापीठ परीक्षा पुढे ढकलते, भांडताना कोणी जुना विषय वर काढतो, दबलेली अडचण पुन्हा डोके वर काढते. मागे, पुढे, वर हे दिशेचे शब्द आहेत. पण अर्ज मागे घेताना कोणी मागे वळत नाही आणि परीक्षा ढकलायला ती काही हातगाडी नव्हे. इंग्रजीत हीच वाक्ये टेक बॅक, पुट ऑफ, ब्रिंग अप, क्रॉप अप अशी होतात. ब्रिंग अपमधला अप आणि ‘विषय वर काढला’ यातला वर एकाच कल्पनेतून आले आहेत : जे दडलेले असते ते खाली असते, दिसू लागते ते वर येते. टर्न अप, शो अप, कम अप या जोड्यांत हाच अप आहे. सुसान लिंडनर यांनी १९८१ च्या प्रबंधात इंग्रजीतल्या अप आणि आऊट या दोनच शब्दांचा पिच्छा पुरवला आणि त्यांच्या शेकडो जोड्यांमागे थोड्याच मूळ प्रतिमा आहेत, असे मांडले. जुन्या परंपरेतला पुरावा हवा असेल तर संस्कृतचे उपसर्ग आहेतच. हार या एका शब्दापुढे आ, वि, सम्, प्र, उप लावले की आहार, विहार, संहार, प्रहार, उपहार होतात. आणि वैदिक भाषेत उपसर्ग क्रियापदापासून सुटा, मध्ये दुसरे शब्द घेऊनही येऊ शकत असे, ही सवलत पाणिनीने नोंदवली आहे. मूळ शब्द तोच ठेवून सोबतच्या छोट्या शब्दाने अर्थ पालटणे हा काही इंग्रजांचा विक्षिप्तपणा नव्हे.

पण सगळीकडे पूल तयार नाही, आणि नाही तिथे तो असल्याचे भासवणे शिकणाऱ्याचे नुकसान करील. डोंबिवलीच्या सकाळच्या गर्दीतली क्रियापदे घ्या : चढणे, उतरणे, शिरणे, घुसणे, निघणे. प्रत्येकात दिशा आतच मुरलेली आहे. स्पॅनिशमध्येही तसेच : सुबीर म्हणजे चढणे, बाहार म्हणजे उतरणे, सालीर म्हणजे बाहेर पडणे. भाषातज्ज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी भाषांचे दोन गट मांडले, दिशा क्रियापदाच्या पोटात ठेवणाऱ्या आणि दिशा बाहेरच्या छोट्या शब्दावर सोपवणाऱ्या. इंग्रजी दुसऱ्या गटातली. तिच्या घरगुती बोलीत चढण्या-उतरण्यासाठी गेट हे एकच पोकळ क्रियापद असते आणि सगळे काम मागचा शब्द करतो. लोकलमध्ये चढणे गेट ऑन, उतरणे गेट ऑफ. रिक्षात बसणे गेट इन, रिक्षातून उतरणे गेट आऊट. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला ऑन-ऑफ आणि ज्यात वाकून शिरावे लागते त्याला इन-आऊट, असा इंग्रजीचा साधारण हिशेब आहे. मराठीच्या ‘उतर’ला हा फरक ठाऊक नाही, बैलगाडी, रिक्षा, लोकल, विमान, सगळ्यांतून आपण उतरतोच. म्हणून ‘ठाण्याला उतरणार का?’ याचे इंग्रजी करताना ओठांवर गेट डाऊन येते, कारण उतरण्यात खाली येणे आहे. इथे मराठीवर विसंबणे म्हणजे चुकणे. इथे स्पॅनिश माणूस आणि आपण एकाच बाकावर आहोत, आणि त्याने करायचा सराव आपल्यालाही करावा लागेल : क्रियापद फोडून दिशा वेगळी काढण्याचा.

एक आक्षेप इथे लगेच येतो. गेट डाऊन हे भारतीय इंग्रजी आहे, ते चूक का म्हणायचे? हा आक्षेप रास्त आहे आणि तो अर्धा मान्य केला पाहिजे. गेट डाऊन ऐकून मुलुंड ते बदलापूर कोणाचा गैरसमज होत नाही. ज्या भाषेने काम होते ती भाषाच आहे, आणि तिच्यासाठी कोणाला खजील करणे हा शिकवण्याचा मार्ग नव्हे. पण बोलणाऱ्याला आपण कोणते रूप कुठे वापरतो आहोत हे माहीत असावे. पास आऊट हे उत्तम उदाहरण. आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी पास आऊट होतो, आणि त्याला लष्करी प्रबोधिनीच्या पासिंग आऊट परेडचा आधारही आहे. मात्र अन्यत्र बहुतेक ठिकाणी त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडणे असा होतो. मुलाखतीत ‘मी २०१९ मध्ये पास आऊट झालो’ असे सांगणाऱ्याला ही दुसरी बाजू ठाऊक नसेल, तर त्याच्या हातात निवड उरत नाही. दोन्ही रूपे माहीत असणे आणि प्रसंग पाहून एक उचलणे यात भारतीय इंग्रजीचा अपमान कुठेच नाही.

मराठीने स्वतःच या जोड्यांचे काय केले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. ठाण्यात किंवा कल्याणात पाणीपुरवठा बंद राहणार असला की बातमी येते, ‘दुरुस्तीसाठी शटडाऊन घेण्यात येणार आहे’. डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात मशीनचे ब्रेकडाऊन होते, दुरुस्तीचा फॉलोअप घेतला जातो, काम संपताना पुढच्या पाळीला हँडओव्हर दिला जातो. शाळेची बस पिकअप करते, लग्नघरी मेकअप होतो, मोबाइलचा बॅकअप घेतला जातो, कॉलेजच्या प्रवेशाचा कटऑफ लागतो. ही सगळी मुळात फ्रेजल व्हर्बच. मराठीने त्यांची नामे करून घेतली आणि पुढे करणे, घेणे, देणे, होणे, लागणे जोडले. मराठीच्या दृष्टीने हा उत्तम व्यवहार आहे, परका शब्द गोठवून घ्यायचा आणि चालवायचे आपल्या क्रियापदाने. इंग्रजी बोलताना मात्र हा गोठलेला शब्द पुन्हा क्रियापद करावा लागतो, आणि तिथे अडते. ‘आय विल टेक द फॉलोअप’ असे वाक्य तयार होते, कारण डोक्यात ‘फॉलोअप घेईन’ असते. इंग्रजीत तिथे ‘आय विल फॉलो अप’ पुरते. कुठलीही नवी यादी न देता, शिकणाऱ्याच्या तोंडात असलेली अशी पन्नासेक नामे फक्त क्रियापदासारखी चालवायला शिकवली, तरी महिन्याभराचे काम होईल. हे भांडवल पडून आहे.

जोडी फोडून चालवण्याचा एक नियम मराठी माणसाला खरोखर छळतो. टेक बॅकमध्ये ‘ते’ कुठे घालायचे? मराठीत ‘ते मागे घे’, म्हणजे वस्तू आधी आणि जोडी अखंड. इंग्रजीत ‘टेक इट बॅक’, वस्तू जोडीच्या मध्ये; इट, हिम, देम असे हलके शब्द असतील तर मध्येच. ‘टेक बॅक इट’ ही चूक यातूनच येते. पण जोडी फुटणे मराठीला अगदीच अपरिचित नाही. ‘खाऊन तर टाक’, ‘सांगून नको टाकूस’, ‘बोलूनच दाखव’ अशी वाक्ये रोज बोलली जातात आणि त्यांत तर, नको, च हे हलके शब्द बरोबर मध्ये शिरतात. हलक्या शब्दाची जागा जोडीच्या पोटात, एवढे धरले तरी कान तयार होतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. मातृभाषेशी तुलना करून शिकवणे ही जुनी पद्धत झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांना भाषांतर उत्तम येई, बोलणे येत नसे. मग पुन्हा मराठीकडे का वळायचे? कारण भाषांतर करायला लावणे आणि साम्य दाखवून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाऊन टाक आणि ईट अप यांचे साम्य एकदा कळले की दर वेळी मनातल्या मनात भाषांतर करावे लागत नाही. छोटा शब्द काय करतो आहे हे ऐकू येऊ लागते. मातृभाषेचा प्रभाव खरा असतो, याला पुरावाही आहे. मेनाकेम डागट आणि बाटिया लॉफर यांनी १९८५ मध्ये दाखवले, की हिब्रूत अशा जोड्या नसल्याने इस्रायली विद्यार्थी त्या टाळतात. १९९३ मध्ये लॉफर आणि स्टिग इलियासन यांना स्वीडिश विद्यार्थ्यांत असे टाळणे आढळले नाही, कारण त्यांच्या भाषेत त्या आहेत. मात्र १९८९ च्या एका डच अभ्यासात, यान हुल्स्टाइन आणि एलेन मार्चेना यांच्या, असे दिसले की स्वतःच्या भाषेत जोड्या असूनही डच विद्यार्थी लाक्षणिक अर्थाच्या काही जोड्यांपासून दूर राहतात; आपल्या भाषेसारखेच इंग्रजीत असेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. हा निष्कर्ष मराठीसाठी मोलाचा आहे. साम्य नुसते असून भागत नाही, शिक्षकाने ते बोट ठेवून दाखवावे लागते. आपल्याकडे तर साम्य आणखी झाकलेले आहे, कारण मराठीचा सहायक एक क्रियापद आहे आणि इंग्रजीचा एक छोटे अव्यय.

साम्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगाव्या लागतील. नकार दिला की मराठीचे दुसरे क्रियापद सहसा गळून पडते : ‘खाऊन टाकलं’ याचा नकार ‘खाल्लं नाही’ असा होतो, इंग्रजीत अप जागेवरच राहतो. ‘तो बोलून बसला’ यातला पश्चात्ताप, ‘बोलून गेला’ यातला नकळतपणा इंग्रजीच्या छोट्या शब्दांत बहुधा उतरत नाही. आणि पुट अप विथ म्हणजे सोसणे, मेक आऊट म्हणजे कसेबसे ओळखणे, टर्न डाऊन म्हणजे नाकारणे, अशा जोड्यांना मराठीचा हात लागत नाही. त्या वाक्यासकट ऐकून, वाक्यासकट बोलूनच अंगवळणी पडतात. पण हा उरलेला ढीग वाटतो तेवढा मोठा नाही. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ मध्ये दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधून मोजले, तेव्हा त्यातल्या फ्रेजल व्हर्बच्या एकूण वापरापैकी जवळजवळ एक तृतीयांश वापर फक्त २५ जोड्यांचा निघाला आणि १०० जोड्यांत निम्म्याहून अधिक वापर आटोपला. त्या शंभरांत गो ऑन, फाइंड आऊट, कम बॅक, गिव्ह अप आहेत, म्हणजे चालू ठेव, शोधून काढ, परत ये, सोडून दे. वर्गाची सुरुवात इथून व्हावी, जोड्या मागच्या शब्दाप्रमाणे एकत्र लावून : आधी पुरे होण्याचा अप, मग परतण्याचा बॅक, मग चालू राहण्याचा ऑन, आणि उतरण्या-चढण्याचा गेट सर्वांत शेवटी, मराठीचा आधार बाजूला ठेवून.